हौशी छायाचित्रकार : नौबाद आणि पंचक्रोशी

नौबाद हे कर्नाटकातल्या बीदर शहराला लागून, उदगीरच्या रस्त्यावर वसलेले ठिकाण. येथे आढळणारा हौशी छायाचित्रकार पोटासाठी दुसरेच काही करतो. तो बँकेत असतो, शाळेत गणित शिकवतो किंवा अडत दुकानात तुरीच्या पट्ट्या लिहितो. कॅमेऱ्यावर त्याचे घर चालत नाही. घराच्या पैशांवर कॅमेरा चालतो. धंदेवाला फोटोग्राफर लग्नात चारशे माणसांना "इकडं बघा" म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. हौशी छायाचित्रकार पदरचे पैसे घालून गावोगाव जातो आणि तिथल्या माणसांना "जरा बाजूला होता का?" असे विचारतो. त्याला माणूस नसलेला फोटो हवा असतो. रविवारी, दिवसाउजेडी, बीदर जिल्ह्यात अशी रिकामी जागा शोधणे हा त्याच्या सहलींचा मुख्य हेतू आहे आणि त्या फसण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

प्रदेश

या हौसेला इतका सोयीचा मुलूख सहसा मिळत नाही. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली. त्याच्या वंशजांनी आणि पुढच्या बरीदशाही राजांनी भरपूर बांधकाम केले. ज्याला राज्य करायला फारसा वेळ मिळाला नाही, त्यालाही घुमट मात्र मिळाला. नौबादहून गाडी काढली की सत्तरेक किलोमीटरवर महाराष्ट्रातले उदगीर येते आणि दुसऱ्या दिशेला साधारण निम्म्या अंतरावर तेलंगणातले झहीराबाद. एका रविवारात तीन राज्ये होतात. फोटो मात्र तिन्ही राज्यांत सारखाच येतो: वर आकाश, मध्ये इमारत, खाली कुणीतरी.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात बीदर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या पदरी राजा लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे छायाचित्रकार होते. निजामाने त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. निजामाच्या मुलखातील स्थळांचा त्यांचा संग्रह १८९२ सालचा आहे. त्या काळात जड कॅमेरा, काचेच्या पट्ट्या आणि तिकाटणे वाहायला माणसे आणि बैलगाड्या लागत. आता ते काम मेहुण्याचा मुलगा करतो.

एकोणिसाव्या शतकातल्या पुरातत्त्वीय छायाचित्रांत एक गोष्ट वारंवार दिसते. इमारतीच्या पायथ्याशी, कमानीत किंवा खांबाला टेकून एक माणूस उभा असतो. तो चुकून आलेला नसतो; त्याला तिथे उभे केलेले असते. त्याच्यावरून कमान किती उंच आहे हे पाहणाऱ्याला कळते. हौशी छायाचित्रकार ही जुनी चित्रे कौतुकाने बघतो, त्यांतला उजेड, बारकावा आणि सावल्या यांवर अर्धा तास बोलतो आणि पुढच्या रविवारी नेमका तोच माणूस कमानीतून हाकलतो.

हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांचा बीदरच्या इतिहासावरचा आणि वास्तूंवरचा इंग्रजी ग्रंथ १९४७ साली निघाला. तेव्हापासून या भागातल्या प्रत्येक हौशी छायाचित्रकाराला आपण नवीन काहीतरी टिपले असे वाटते आणि थोड्याच दिवसांत ते यझदानींनी आधीच छापलेले आहे असे कुणीतरी दाखवून देते.

साहित्य

साहित्याचे तीन कालखंड पडतात.

पहिला आगफा क्लिक थ्रीचा. १२० नंबरच्या रोलवर बारा फोटो निघत. त्या काळात फोटो काढण्याआधी घरात चर्चा होई. बारांपैकी पहिला देवघराचा, दुसरा आजोबांचा आणि अकरावा कुणाच्या तरी बारशाचा ठरलेला असे. उरलेल्यांत किल्ला मावला तर मावला. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात तयार होणारा 'इंदू' छापाचा कृष्णधवल रोल त्याच काळातला.

दुसरा कालखंड ३५ मिलिमीटरच्या रोलचा. यात छत्तीस फोटो मिळत. छत्तीस हा आकडा एका सहलीला पुरून थोडा उरणारा होता, त्यामुळे रोल संपवण्यासाठी शेवटचे पाच-सहा फोटो घरी काढले जात. अंगणातली शेळी, नवा कुकर, शेजारच्या काकू यांचे आज उपलब्ध असलेले बहुतेक सर्व फोटो छत्तिसाव्या क्रमांकाचे आहेत.

तिसरा कालखंड मेमरी कार्डाचा. फोटो फुकट झाल्यामुळे एका घुमटाचे साठ निघतात. त्यांतला चौपन्नावा आणि पंचावन्नावा यांत काय फरक आहे हे फक्त काढणाऱ्याला कळते, आणि चार दिवसांनी त्यालाही कळत नाही.

लेन्सा तीन असतात. रुंद लेन्स जवळून मोठी इमारत मावण्यासाठी, मधली लेन्स रोजच्या वापरासाठी आणि लांब लेन्स हरणांसाठी. कोणतीही लेन्स लावली तरी हवी असते ती दुसरी. ती गाडीत असते. गाडी दरवाजाबाहेर असते आणि किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते.

तिपाई हे चौथे साहित्य. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंमध्ये हातात धरून फोटो काढता येतो, पण तिपाई लावायला आधी परवानगी लागते. पहारेकरी तिला 'स्टँड' म्हणतो. "स्टँड नै चलता, साब." त्याला हातातली सहा किलोची बॅग चालते, तीन लेन्सा चालतात, एक माणूस जमिनीवर पालथा पडलेलाही चालतो. तीन पाय दिसले की मात्र तो शिट्टी वाजवतो. तरीही तिपाई दर सहलीला नेली जाते आणि गाडीत एका माणसाची जागा अडवते.

वाहन आणि प्रस्थान

वाहन बहुधा जुनी मारुती असते. हौशी छायाचित्रकार स्वतः चालवतो, कारण गाडी हवी तिथे थांबवण्याचा हक्क चालवणाऱ्याकडे असतो. तो तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यासाठी थांबतो, ज्वारीच्या कणसावर बसलेल्या पाखरासाठी थांबतो आणि पाखरू उडाले की ते परत येईल म्हणून थांबतो. मागे ट्रक असेल तर ट्रकही थांबतो, पण त्यामागची भावना वेगळी असते.

सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास, सुमारे तासभर, प्रकाश तिरका, मऊ आणि पिवळसर असतो. सूर्यकिरणांना तेव्हा वातावरणाचा जाड थर कापून यावे लागते, त्यात निळा रंग विखुरतो आणि तांबूस उरतो. बीदरच्या जांभ्या दगडाला हाच प्रकाश शोभतो. तिथे उन्हाळ्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडते, तर जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजत येतात. म्हणून प्रस्थानाची वेळ पहाटे पाचची जाहीर होते. पाच वाजता तो स्वतः, बॅग आणि तिपाई तयार असतात. साडेपाचला धपाट्यांचे पीठ मळायला घेतले जाते.

"अहो, किल्ला कुठं पळून चाललाय? सहाशे वर्षं झाली, तिथंच हाय न्हवं?"

या युक्तिवादाला छायाचित्रणशास्त्रात उत्तर आहे, पण ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून देता येत नाही. सात वाजता धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा गाडीत येतात. साडेसातला गाडी हलते. आठ वाजता ऊन पांढरे होते.

प्रकाशाचा दुसरा प्रकार

दुपारचे ऊन सर्व छायाचित्रकार टाकाऊ समजतात. बीदर जवळजवळ १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या तोंडावर, माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. नौबादमध्ये अशा उन्हाचा उपयोग असलेली एक जागा आहे: कारेझ.

कारेझ किंवा सुरंग बावी हे बहमनी काळातले भूमिगत पाणीपुरवठ्याचे बांधकाम. तंत्र इराणातले. बीदरच्या पठारावर वर सच्छिद्र जांभा आणि खाली घट्ट काळा दगड आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि खालच्या थराशी साचते. ते गोळा करण्यासाठी जमिनीखाली अगदी हलक्या उताराचा बोगदा खोदला आणि ठरावीक अंतरावर वरपर्यंत उभे झरोके ठेवले. नौबादचा हा बोगदा दोन किलोमीटरहून लांब आहे. पाणी उताराने वाहते. मोट नको, रहाट नको. झरोक्यांतून हवा जाते, गाळ उपसता येतो आणि वाकून बघता येते.

कारेझची रचना छायाचित्रणाच्या मुळावर येणारी आहे. पाण्याची वाफ होऊ नये म्हणूनच ते अंधारात ठेवले आहे. जमिनीवर दिसते ते एक भोक आणि त्याभोवतीचा कठडा. पाहुण्यांना पंधराव्या शतकातले जलव्यवस्थापन दाखवायला न्यावे, तर फोटोत कठड्यावरून वाकलेल्या पाहुण्यांच्या पाठी येतात. सूर्य डोक्यावर असतो त्या दोन दिवसांत मात्र ऊन झरोक्यातून सरळ तळाला जायला हवे आणि खालचे पाणी उजळायला हवे. हा फोटो काढण्याचा बेत नौबादला दर वर्षी ठरतो. मेमध्ये बारा वाजता बाहेर पाऊल टाकवत नाही आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते.

जवळची स्थळे

नौबादहून शहराकडे येताना बरीदशाही कबरींची बाग लागते. अली बरीदची कबर १५७६-७७ च्या सुमाराची. तिला चारही बाजूंनी मोठ्या उघड्या कमानी आहेत, आरपार आकाश दिसते. एका कमानीच्या चौकटीत दुसरी कमान आणि तिच्या चौकटीत झाड, असा तयार फोटो तिथे उभा आहे. अडचण सकाळी फिरायला येणाऱ्यांची. ते कबरीला फेऱ्या घालतात. हौशी छायाचित्रकार एक काका जाण्याची वाट बघतो. काका भिडस्त असतात. आपल्यामुळे फोटो बिघडू नये म्हणून ते थांबतात, आणि थांबतात ते बरोबर कमानीच्या मधोमध. "घ्या, घ्या, तुम्ही काढून घ्या," असे म्हणून ते श्वास रोखून उभे राहतात. अर्ध्या मिनिटाने दोघेही एकमेकांची वाट बघत असल्याचे दोघांच्या लक्षात येते.

जुन्या शहराच्या मध्यावर चौबारा हा गोल, उंच टेहळणी बुरूज आहे. त्यावरून चारी दिशांना दूरवर दिसे. आता चारी दिशांनी त्याच्याकडे विजेच्या तारा येतात. सगळा बुरूज चौकटीत घ्यायला मागे सरकावे लागते, मागे सरकले की केळीची गाडी लागते आणि तिच्याही मागे गेले की रिक्षा.

पुढे महमूद गावानचा मदरसा, १४७२ चा. गावान हा इराणातून आलेला बहमनी वजीर. त्याच्या मदरशाला तीन मजले, दर्शनी भागावर रंगीत टाइलांची नक्षी आणि दोन मिनार होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक भाग उडाला. आज मिनार एकच आहे. कॅमेरा वर करून रुंद लेन्सने फोटो घेतला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात आणि स्फोटातून वाचलेला मिनार फोटोत पडायला आलेला दिसतो. हा दोष टाळायचा तर कॅमेरा सरळ धरावा लागतो, मग वरचा भाग कापला जातो. दोन्ही प्रकारचे फोटो घरोघरी आहेत.

किल्ल्याला जांभ्यात कोरून काढलेला तिहेरी खंदक आहे. आतली सोळा खांब मशीद १४२३-२४ ची. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले बसवलेले आहेत आणि लाकडावर बारीक कोरीव काम आहे. महाल बहुधा कुलूपबंद असतो. किल्ली कुणाकडे आहे, तो कुठे गेला आहे आणि जेवून कधी येईल, ही चौकशी पूर्ण झाल्यावर दार उघडते. आत अंधार असतो. फ्लॅश मारला तर शिंपल्यात फ्लॅशच दिसतो. न मारला तर काहीच दिसत नाही. मुले तोवर बाहेर तोफेवर बसलेली असतात, आणि त्यांचा फोटो उत्तम येतो. तो मोबाइलवर त्यांच्या आईने काढलेला असतो.

शहराच्या पूर्वेला अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी एका रांगेत आहेत. हुमायूनशाहाचा (मृत्यू १४६१) घुमट वीज पडून दुभंगला, त्याचा निम्मा भाग उरला. सर्वाधिक फोटो याच घुमटाचे निघतात. आयुष्यभर राबून पूर्ण केलेल्या शेजारच्या घुमटांकडे कुणी वळत नाही. अहमदशाह वलीच्या कबरीत आतून सोनेरी आणि शेंदरी रंगांची चित्रे आणि अक्षरे आहेत. मुसलमान त्याला वली मानतात आणि लिंगायत भाविक अल्लमप्रभू म्हणून नमस्कार करतात. वार्षिक उरूस होळीच्या सुमारास, हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्यात कलबुर्गी जिल्ह्यातल्या जंगमांना मान असतो. त्या दिवशी रिकाम्या चौकटीची आशा सोडावी लागते. जंगम, कव्वाल, नारळ, चादरी, बत्ताशे आणि खांद्यावर बसलेली पोरे सगळीकडून आत येतात. हौशी छायाचित्रकाराचे वर्षातले बरे फोटो या दिवशी निघतात. तो मात्र त्यांना 'गर्दीमुळे वाया गेलेले' या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

बिदरी काम ही छोटी पण अवघड वस्तू. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवतात, नंतर किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून धातू काळाभोर करतात. चांदी पांढरी राहते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू सरासरीने मध्यम करडी आहे असे धरून चालतो. त्याला काळी सुरई दाखवली की तो प्रकाश वाढवतो आणि ती करडी करतो. चुना लावलेला पांढरा घुमट दाखवला की प्रकाश कमी करून तोही करडा करतो. काळ्याला काळे आणि पांढऱ्याला पांढरे ठेवायचे तर मापकाचे ऐकायचे नसते. हे पुस्तकात पहिल्या धड्यात दिलेले असते, पण पुस्तक गाडीत असते.

निषिद्ध विषय

बीदरला हवाई दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. 'सूर्यकिरण' हे कसरतीचे पथक १९९६ साली इथेच उभे राहिले. नऊ विमाने पंखाला पंख लावून डोक्यावरून जातात. मुंबई-पुण्याचे छायाचित्रकार असे दृश्य बघायला तिकीट काढून बंगळुरूला जातात. नौबादकराला ते गच्चीवर, वाळवणाच्या शेजारी, फुकट मिळते. हवाई तळाच्या दिशेने मात्र कॅमेरा उचलायचा नसतो, तसे फलकच लावलेले आहेत. ड्रोनचा तर खोकाही उघडू नये. त्यामुळे जिल्ह्यातला सर्वांत देखणा विषय ज्यांच्या रोज डोक्यावर असतो, त्यांच्या संग्रहात फक्त तो नसतो.

गाणगापुरी दत्तस्थानात निर्गुण पादुकांचे दर्शन छोट्या झरोक्यातून घ्यायचे असते. तिथे कॅमेरा काढायचा नसतो. महाराष्ट्रातून आलेल्या नातलगांना घेऊन केलेली ही सहल म्हणूनच सर्वांत शांत होते. भीमा-अमरजा संगमावर स्नान होते, माधुकरी होते, सगळे वेळेवर जेवतात आणि वेळेवर परत येतात.

बीदरचे नरसिंह झिरा हे गुहेतले देवस्थान. छातीपर्यंत पाण्यातून, अंधाऱ्या भुयारातून देवापर्यंत चालत जावे लागते. कॅमेरा आत नेता येत नाही, म्हणून तो काठावरच्या कुणा अनोळखी माणसाकडे सोपवला जातो. परत आल्यावर त्यात ओल्या डोक्यांनी हसत बाहेर येणाऱ्या अख्ख्या कुटुंबाचा एक फोटो सापडतो. दिवाणखान्यात तोच लागतो.

लांबच्या सहली

हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगवीच्या मंदिरावर दगडात कोरलेली एक स्त्री आहे. ती पाठमोरी वळून शिलालेख लिहीत आहे आणि त्या लेखात कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (राज्यकाळ १०७६–११२६) याची स्तुती आहे. छायाचित्रणाच्या दृष्टीने ती आदर्श आहे: हलत नाही, डोळे मिटत नाही, कॅमेऱ्याकडे बघत नाही आणि फोटो कधी पाठवणार असे विचारत नाही.

त्याच चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवेश्वर इथे होते. त्यांचा १०८ फुटी पुतळा आता तिथे आहे. तो पूर्ण घ्यायला जितके मागे जावे लागते तितके मागे गेल्यावर, पुढे उभ्या केलेल्या सासूबाई ओळखू येत नाहीत. सासूबाई ओळखू येतील इतके पुढे आल्यावर बसवेश्वरांची फक्त पावले मिळतात. या सहलीत कुणाला पूर्ण घ्यायचे हा निर्णय छायाचित्रकाराच्या हातात राहत नाही.

उदगीरची सहल इतिहासाची असते. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे हरवले. गाडीतले वडीलधारे ही लढाई भालकीपासून सांगायला घेतात आणि किल्ल्याच्या दरवाजात पोहोचेपर्यंत पानिपत होते. तटावर उभे राहिल्यावर फोटोला कुणाच्याच चेहऱ्यावर विजय दिसत नाही.

कलबुर्गी शंभरावर किलोमीटर आहे, म्हणून तिथे पोहोचेपर्यंत दुपार होतेच. ती तिथे वाया जात नाही. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. बहुतेक मशिदींना असते तसे उघडे अंगण तिला नाही. सगळी जागा छपराखाली आहे. बाहेर ऊन कितीही पांढरे असो, आत कमानींतून ते आडवे आणि गाळून येते. एकामागे एक कमानी दूरपर्यंत जातात. भर दुपारी मनाजोगता फोटो मिळण्याची या पंचक्रोशीतली ही खात्रीची जागा आहे. त्या वेळी बाकीचे लोक जेवायचे म्हणतात.

हरणांची सहल वेगळी. बीदरच्या माळावर काळवीट आहेत. नर काळा-पांढरा, शिंगे पिळाची. मादी तपकिरी, तिला शिंगे नसतात. लांब लेन्स यासाठीच घेतलेली असते. गाडीतून बघितले तर काळवीट उभे राहतात. दार उघडले की जातात. फोटोत क्षितिजाजवळ एक ठिपका येतो. तो घरी मोठा करून दाखवावा लागतो आणि बघणाऱ्याने "हो, हो, शिंगं दिसतात" असे म्हणावे लागते.

चौकटीतली माणसे

बीदर भागात कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू एकाच चौकात चालतात. गळ्यात कॅमेरा दिसला की चौकशी कुठल्याही भाषेत सुरू होते. "कशाचा फोटो काढायलाव?" असे शेतातला मामा विचारतो. पडक्या भिंतीचा, असे उत्तर ऐकून तो भिंतीकडे बघतो, मग छायाचित्रकाराकडे बघतो आणि भिंत पंचायत पाडणार आहे काय, अशी शंका काढतो. सर्वेक्षण नाही, नुकसानभरपाई नाही, पेपरात येणार नाही हे पटल्यावर पुढची मागणी येते. "नंदू ओंदु फोटो तेगीरी, अण्णा." "हमारा बी एक निकालो, भाई." "दादा, आमचा बी काढा की एक." तिन्ही वाक्यांचा अर्थ एक आणि त्यांना नकार देण्याची सोय एकाही भाषेत नाही. टोपी सरळ होते, पदर सारखा होतो, शेळी जवळ ओढली जाते.

हौशी छायाचित्रकार हे फोटो मनाविरुद्ध काढतो, म्हणून ते चांगले येतात. त्यांत कोन शोधलेला नसतो, कमानीत कमान बसवलेली नसते. मागची भिंत मात्र व्यवस्थित येते, आणि मामा शेजारी असल्यामुळे ती किती उंच होती हेही कळते.

परतल्यानंतर

रात्री फोटो संगणकावर उतरवले जातात. घुमटांचे साठ-साठ फोटो कुणीही न बघता राहतात. नातलगांच्या ग्रुपवर जातात ते तीन: धपाटा खाणारा भाचा, झिऱ्यातून निघालेले कुटुंब आणि तोफेवरची मुले. पतसंस्थेच्या कॅलेंडरवर एखादा घुमट छापला जातो, बहुधा नोव्हेंबरच्या पानावर. वर छायाचित्रकाराचे नाव नसते आणि खाली ठेवींचे व्याजदर असतात.

वीस वर्षांनी या संग्रहाचे मोल उलटे ठरते. रिकामे घुमट आहेत तसेच आहेत. त्यांचा कोणत्या साली काढलेला फोटो कोणता, हे सांगता येत नाही. माणूस आलेला फोटो मात्र साल सांगतो. पदराचा काठ, स्कूटरची जात, भिंतीवरची निवडणुकीची जाहिरात, अजून न आलेली विजेची तार यांवरून तारीख लागते. नौबादच्या झरोक्याभोवती पूर्वी किती झाडोरा आणि कचरा होता, कठडा कधी आला, हे बघायचे तर पाठमोऱ्या पाहुण्यांचे फोटोच उपयोगी पडतात. पाहुण्यांच्या पाठींवरून झरोक्याची रुंदीही काढता येते. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकारांनी मुद्दाम जो माणूस उभा केला, तो इथे आपणहून येत होता.

या सर्व संग्रहात एकच माणूस नसतो: छायाचित्रकार स्वतः. दर फोटोच्या वेळी तो कॅमेऱ्यामागे असतो. पहारेकऱ्याने काढून दिलेल्या एकुलत्या एका फोटोत अंगठा आलेला असतो. संध्याकाळच्या फोटोंत तो थोडाफार सापडतो. सूर्य पाठीशी आणि खाली असल्यामुळे त्याची लांब सावली जमिनीवरून सरकत थेट इमारतीपर्यंत जाते. ती पुसून काढण्यात त्याने बराच वेळ घातलेला असतो. सेवानिवृत्तीच्या समारंभाला फलकासाठी फोटो हवा म्हणून कार्यालयातली मंडळी घरी येतात. चाळीस हजार फोटो चाळले जातात. शेवटी फलकावर आधार कार्डावरचा फोटो लागतो.